‘ढ’ मुलांच्या शेजारी बसलेली माणसं

गेल्या वर्षी नोव्हेंबरात अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर लंडनला आमच्याकडे आले. त्याच आठवड्यात लेकीच्या शाळेतून पालकसभेचं बोलावणं आलं. ती तेव्हा इयत्ता चौथीत, म्हणजे इथल्या ‘इयर फोर’मध्ये होती. बाईंनी हसतमुखाने सांगितलं की वाचन उत्तम आहे, वागणं उत्तम आहे, फक्त गणितात ती ‘अपेक्षित पातळीच्या दिशेने वाटचाल करते आहे’. इथल्या शिक्षकांची भाषा मऊ असते. या वाक्याचं मराठी भाषांतर आमच्या लहानपणी एका अक्षरात व्हायचं : ढ.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, शिकवणी लावू या. ओळखीच्या तिघींची मुलं एका क्लासला जात होती, तासाला चाळीस पौंड. अण्णा सोफ्यावर पेपर वाचत होते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि नातीला हाक मारली, “बाळा, इकडे ये. बावन्नातून सत्तावीस गेले तर किती?”

तिने कागदावर आडवी-उभी मांडणी केली आणि लिहिलं, 35.

मी डोक्याला हात लावला. अण्णा मात्र खूश झाले. “बरोबर चुकली आहे,” म्हणाले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. पाचातून दोन गेले, तीन. तिच्या हिशेबात काहीच चूक नव्हती. बावन्नमधला पाच म्हणजे पाच नसून पन्नास आहे, एवढंच तिला कुठेतरी, बहुतेक दोन वर्षांपूर्वी, समजायचं राहून गेलं होतं. त्यानंतर वर्गात जे काही झालं, ते या न समजलेल्या गोष्टीवर रचलं गेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड आणायला लावले. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन काड्या सुट्या. “आता यातल्या सत्तावीस मला दे.” तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. मग एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. आजी ज्याला ‘हातचा’ म्हणायची, तो माझ्या लेकीने त्या क्षणी खरोखर हातात धरला होता.

रात्री जेवताना अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझ्या दादाला मी नववीत असताना नववीचंच शिकवत राहिलो गं. त्याचं अडलं होतं चौथीत.”

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. आमच्या घरी गिरगावात संध्याकाळी शिकवणीला तीस मुलं बसायची. त्यांतली कित्येक पुढे इंजिनियर झाली. त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, मागच्या भिंतीला टेकून माझा दादाही बसायचा, आणि दर वर्षी थोडा थोडा मागे पडत गेला. शिकवणी होती, शिक्षक उत्तम होता, वर बाप होता. मग चुकलं काय? आणि जिथे जिथे शिकवणीने मागे पडलेल्या मुलाला खरोखर हात दिला, तिथे नेमकं काय झालं होतं? गेले काही महिने मी जे वाचत होते, ते या प्रश्नांभोवतीच.

मागे पडणं कधीपासून सुरू झालं?

‘ढ’ या अक्षराबद्दल एक गंमत सांगतात. सम्राट अशोकाच्या काळातली ब्राह्मी लिपी बदलत बदलत आजची देवनागरी झाली, जवळजवळ प्रत्येक अक्षराने रूप पालटलं, पण ढ होता तसाच राहिला. दोन हजार वर्षांत काहीच शिकला नाही, म्हणून जो शिकत नाही तो ढ! व्युत्पत्ती खरी असो वा नसो, ब्राह्मीतला ढ खरोखरच आजच्या ढ सारखा दिसतो.

मंद मुलांसाठी खास शिक्षक ठेवण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्टही जुनीच आहे. पंचतंत्राची सुरुवात आठवा. महिलारोप्य नगराच्या अमरशक्ती राजाला तीन मुलगे, तिघेही विद्येला विन्मुख. दरबारी सांगतात की नुसतं व्याकरण शिकायलाच बारा वर्षं लागतात, मग पुढची शास्त्रं. म्हातारा विष्णुशर्मा येतो आणि म्हणतो, सहा महिन्यांत तयार करतो. तो बारा वर्षांचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत कोंबत नाही. तो व्याकरण बाजूला ठेवतो आणि सिंह, बैल, कावळे, उंदीर यांच्या गोष्टी सांगायला लागतो. मुलं जिथे होती तिथून सुरुवात करतो. अण्णांचा व्हिसाही सहा महिन्यांचाच होता, हे मला नंतर सुचलं.

पण राजपुत्र सोडले तर सामान्य मुलांच्या बाबतीत ‘मागे पडणं’ ही कल्पनाच फार जुनी नाही. मागे पडायला आधी सगळ्यांनी एका रांगेत चालावं लागतं. पंतोजींच्या शाळेत ओसरीवर सहा वर्षांचा आणि बारा वर्षांचा शेजारी बसत. कुणी धुळाक्षरं गिरवतोय, कुणी पावकी-निमकी घोकतोय, कुणी मोडी वाचतोय. ज्याचा धडा झाला तो पुढे जाई. या शाळेचं उगाच गुणगान करायचं कारण नाही. छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुली व खालच्या मानल्या गेलेल्या जातींची मुलं त्या ओसरीवर नव्हतीच. पण ‘तुझ्या वयाला हे यायला हवं होतं’ असं तिथे कुणी म्हणत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र बदललं. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम लागू झाले. वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्यांना ‘स्टँडर्ड’ म्हटलं, आणि तपासनीस दर वर्षी येऊन मुलांची परीक्षा घेऊ लागले. पास होणाऱ्या मुलांवर शाळेचे पैसे ठरू लागले. आपल्याकडेही 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आलं, आणि त्याबरोबर इयत्ता, तपासनीस, ठरलेली क्रमिक पुस्तकं आली. लाखो मुलांना शाळा मिळायची असेल तर अशी काहीतरी रचना लागणारच होती. पण वर्ग एकदा गाडीसारखा वेळापत्रकाने सुटायला लागला की कुणाची तरी गाडी चुकणार, हेही त्याच दिवशी ठरलं. वर्गशिक्षकाला पुस्तक संपवायचं असतं. मग चुकलेल्या मुलासाठी संध्याकाळची शिकवणी आली. पण बहुतेक शिकवण्या करत काय, तर सकाळचाच धडा पुन्हा एकदा. सुटलेली गाडी पुन्हा एकदा दाखवल्यासारखं.

ओसाका, 1954

जपानमध्ये ओसाकाजवळ मोरिगुची नावाच्या गावी तोरू कुमोन नावाचे गणिताचे शिक्षक राहत. माध्यमिक शाळेतल्या मोठ्या मुलांना शिकवायचे. 1954 साली त्यांचा मुलगा ताकेशी दुसरीत होता, आणि त्याची कमी गुणांची उत्तरपत्रिका आईच्या, तेइको यांच्या, हाती लागली. काहीतरी करा, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

कुमोन यांनी मुलाला समोर बसवून व्याख्यान दिलं नाही. त्यांनी सुट्या कागदांवर हाताने उदाहरणं लिहायला सुरुवात केली. रोज थोडी, साधारण अर्ध्या तासात होतील एवढी. सुरुवात मुलाला सहज येईल अशा ठिकाणाहून, वर्गाच्याही मागून. प्रत्येक कागद आधीच्या कागदापेक्षा किंचित अवघड. मुलगा स्वतः सोडवणार, वडील तपासणार, चुकलेलं तो स्वतः दुरुस्त करणार. सहावीच्या सुमारास ताकेशी विकलन-संकलनाची, म्हणजे कॅल्क्युलसची उदाहरणं सोडवू लागला होता. 1955 मध्ये शेजारच्या मुलांसाठी पहिला वर्ग निघाला, 1958 मध्ये ओसाकात संस्था झाली, आणि 1974 मध्ये हे कागद अमेरिकेत पोचले. आज आपल्यापैकी अनेकांच्या घराजवळच्या दुकानांच्या रांगेत त्या निळ्या पाटीचं केंद्र असेल.

या पद्धतीवर टीका भरपूर झाली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. नुसता सराव, समज कमी; गणिताची गंमत हरवते; पुढे पुढे ती मागे पडलेल्यांपेक्षा पुढे पळणाऱ्यांचीच शर्यत झाली. पण मला खिळवून ठेवलं ते पहिल्या कागदाने. एका मोठ्या वर्गांच्या शिक्षकाने आपल्या मुलासाठी स्वतःचा अभिमान गिळून मुलाला येतं तिथपर्यंत मागे जायचं ठरवलं. हे मी अण्णांना वाचून दाखवलं, तेव्हा ते फक्त “हं” म्हणाले.

लंडन, शनिवार सकाळ

दुसरी गोष्ट आम्ही राहतो त्याच शहरातली आहे, पण आपल्या मंडळींना फारशी माहीत नसलेली.

1950 आणि 60 च्या दशकांत कॅरिबियन बेटांवरून हजारो कुटुंबं ब्रिटनमध्ये आली. बस चालवायला, रुग्णालयांत काम करायला. त्यांची मुलं शाळेत गेली, आणि बघता बघता त्यांतली कितीतरी वेगळ्या शाळांत पाठवली गेली. या शाळांना कायद्याच्या भाषेत ‘शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य’ मुलांच्या शाळा म्हणत. तिथून पुन्हा नेहमीच्या शाळेत परतणारी मुलं विरळा. आईबापांना बहुधा एवढंच कळे की मुलाला ‘खास’ शाळा मिळाली. खास म्हणजे चांगलीच असणार, असं वाटून काहींनी आभारही मानले.

बर्नार्ड कोर्ड हा ग्रेनाडाहून आलेला तरुण अशाच शाळांत शिकवत होता. 1971 मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली. ब्रिटिश शाळा वेस्ट इंडियन मुलाला ‘अवसामान्य’ बनवते कशी, हा तिचा विषय आणि जवळजवळ तेच तिचं शीर्षक. लंडनच्या या शाळांत स्थलांतरितांच्या मुलांचं प्रमाण साध्या शाळांतल्या प्रमाणाच्या जवळपास दुप्पट होतं, आणि त्यांत बहुसंख्य वेस्ट इंडियन होती. मुलं मंद नव्हती, कोर्डचं म्हणणं होतं. चाचण्या दुसऱ्याच घरच्या भाषेत होत्या, शिक्षकांच्या अपेक्षा आधीच खाली होत्या, आणि मूल हळूहळू तेच स्वतःबद्दल खरं मानू लागत होतं. कॅरिबियन घरात नळाला ‘पाइप’ म्हणतात. नळाच्या चित्राला मूल ‘पाइप’ म्हणालं, तर चूक मोजली जाणार ती मुलाच्या बुद्धीत. कोर्डचं पुढचं राजकीय आयुष्य ग्रेनाडातल्या 1983 च्या रक्तपाताशी जोडलं गेलं, तो इतिहास वेगळा आणि दुःखद आहे. पण या पुस्तिकेने ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय पालकांना हलवून जागं केलं, हे खरं.

पुस्तिका छापली न्यू बीकन बुक्सने. त्याचे संस्थापक जॉन ला रोझ हे त्रिनिदादचे कवी. त्यांनी 1969 मध्येच उत्तर लंडनमध्ये आपल्या राहत्या घरात स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या मुलांसाठी पूरक शाळा सुरू केली होती, जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने. अशा शाळा मग शहरभर निघाल्या. शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये, कुणाच्या बैठकीच्या खोलीत. शिकवणारे कोण? आठवडाभर नोकरी केलेले पालक, विद्यार्थी, काही शिक्षक. शिकवायचे वाचन, लेखन, गणित. आणि शाळेत कधी न ऐकलेला स्वतःचा इतिहास. स्टीव्ह मक्वीन या दिग्दर्शकाने 2020 च्या आपल्या चित्रपटमालिकेतला एक भाग याच विषयावर केला आहे. त्यातला बारा वर्षांचा मुलगा वर्गात वाचू न शकल्यामुळे अशा शाळेत ढकलला जातो, आणि शनिवारच्या शाळेत वाचायला शिकतो.

‘अवसामान्य’ हा शिक्का ब्रिटिश कायद्यातून 1981 मध्ये गेला. आशियाई मुलांची गोष्टही या काळात फार वेगळी नव्हती. 1965 च्या सरकारी परिपत्रकाने शाळेत स्थलांतरितांची मुलं साधारण एक तृतीयांशाहून जास्त असू नयेत असं सुचवलं, आणि साउथॉलची पंजाबी मुलं कित्येक वर्षं रोज बसने दूरच्या शाळांत नेली जात होती. आपली मराठी वस्ती इथे मुख्यतः नंतर, डॉक्टर आणि आयटीच्या लाटांबरोबर वाढली. आपल्या मुलांना ज्या शाळा आज आपुलकीने वागवतात, त्यांचा स्वभाव बदलण्यात त्या शनिवारच्या सकाळींचा वाटा आहे.

ओसाकात बापाने ओळखलं की मूल मागे कुठे अडलंय. लंडनमध्ये पालकांनी आणखी एक गोष्ट ओळखली : मूल अडलेलं नसतानाही त्याला तसं सांगितलं जाऊ शकतं. म्हणून शेजारी बसणाऱ्याचा त्या मुलावर विश्वास असावा लागतो.

एक आकडा आणि त्याची हवा

शिकागो विद्यापीठातल्या बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, जो आजही प्रत्येक शिकवणी-कंपनीच्या जाहिरातीच्या मुळाशी असतो. एका शिक्षकामागे एक मूल, फार तर दोन-तीन, अशी शिकवणी दिली तर साधारण मूल नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातं, असं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. ब्लूम यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं जगाला परवडणार नाही, तर वर्गातच हे कसं साधायचं?

नंतरच्या काळात एवढा मोठा परिणाम सहसा कुणाला मिळाला नाही. 2020 मध्ये 96 काटेकोर प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात शिकवणीचा सरासरी परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या एक पंचमांशाच्या आसपास निघाला. तरीही शिक्षणातल्या इतर उपायांच्या तुलनेत तो भरघोसच मानला जातो. थोडक्यात, शिकवणी लागू पडते, पण जाहिरातीत म्हणतात तसा चमत्कार करत नाही.

मुंबई, बालसखी

चौथी गोष्ट माझ्या माहेरच्या शहराची. मी गिरगावात वाढले, पण ती मला लंडनमध्ये बसून कळली.

1990 च्या दशकाच्या मध्यात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीतल्या कित्येक मुलांना पहिलीचं वाचता येत नव्हतं. ‘प्रथम’ने त्याच वस्तीतल्या, दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या तरुण मुलींना दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि शाळेत पाठवलं. नाव दिलं बालसखी. महिन्याला मानधन पाचशे ते साडेसातशे रुपये. शाळेच्या चार तासांतले दोन तास ती मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसे. जागा मिळेल तिथे, व्हरांड्यात, जिन्याखाली. तिसरी-चौथीचं पुस्तक बंद. अक्षरं, शब्द, संख्या. म्हणजे पहिली-दुसरीचं जे राहून गेलं होतं, ते.

2001 पासून मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची मोजणी केली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल, याची सोडत काढून तुलना केली. निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही शहरांत गुण वाढले, आणि वाढले ते मुख्यतः बालसखीकडे बसलेल्या मुलांचे. वर्गात उरलेल्या मुलांना, वर्ग लहान होऊनही, विशेष फरक पडला नाही. म्हणजे जादू कमी गर्दीची नव्हती. पदवी नसलेली, मोठा पगार नसलेली एक मुलगी मुलाला येतं तिथून सुरुवात करत होती, आणि पात्रताधारक शिक्षक अभ्यासक्रमाला बांधलेला होता.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने फायद्याचा बराच भाग ओसरला होता. मूल पुन्हा त्याच गाडीत बसलं की पुन्हा मागे पडू शकतं. म्हणून ‘प्रथम’ने पुढे वयाऐवजी पातळीप्रमाणे गट पाडण्याची पद्धत उभी केली, आणि ती आज झांबियासारख्या देशांतही वापरली जाते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हाही प्रयोग होता. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, हे आपण मराठी लोक अभिमानाने सांगतोच. पण बालसखींची नावं कुणाला माहीत नाहीत.

मग आपण काय विकत घेतो?

हे सगळं वाचल्यावर त्या चाळीस पौंडांच्या क्लासकडे मी पुन्हा पाहिलं. चौकशी केली तर कळलं की तिथे बहुतेक मुलं ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. जी आधीच पुढे आहेत, त्यांना आणखी पुढे नेणारा तो क्लास. त्यात वाईट काही नाही. पण माझी लेक तिथे गेली असती तर गिरगावातल्या सतरंजीवर, मागच्या भिंतीला टेकून, दादाच्या जागी बसली असती.

मॉरिशसमधल्या मराठी वाचकांना हे नवीन नसेल. तिथे अनेक वर्षं शिकवणी ही जणू दुसरी शाळाच होती. तेच शिक्षक, तीच मुलं, शाळा सुटल्यावर पैसे भरून. प्राथमिकच्या परीक्षेवर चांगली माध्यमिक शाळा ठरायची, म्हणून कुणालाच थांबता येईना. शेवटी लहान वर्गांच्या शिकवण्यांवर कायद्याने बंधनं आली आणि ती परीक्षाही बदलली. सगळेच पळायला लागले की मागचा मागेच राहतो, फक्त जास्त दमतो. उलट ब्रिटनमध्ये करोनानंतर नोव्हेंबर 2020 मध्ये सरकारी खर्चाने मागे पडलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय शिकवणी योजना सुरू झाली, पण 2024 च्या उन्हाळ्यात तिचा निधी संपला. आता पुन्हा हे काम ज्याच्या त्याच्या खिशावर आणि घरावर आलं आहे.

तेव्हा तुमच्या घरी कुणी मूल अडलं असेल, तर या चार ठिकाणांवरून मी जे उचललं ते एवढंच. शिकवणी लावण्याआधी शिकवणाऱ्याला विचारा, पहिल्या दिवशी तुम्ही काय करणार? ‘शाळेत चाललंय तेच घेऊ’ असं उत्तर आलं तर नम्रपणे निघा. ‘आधी बघू, त्याला काय येतं’ असं म्हणणारा माणूस पदवी नसलेला असला तरी चालेल. एका बैठकीत दोन तासांपेक्षा रोज वीस मिनिटं बरी. वर्गशिक्षिकेला सांगा की तुम्ही मागे कुठे जाऊन काय पक्कं करता आहात. आणि डोळे, कान तपासून घ्या. वाचनच सतत अडत असेल तर डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या. तिथे शिकवणीचा जोर वाढवणं म्हणजे चष्मा लागलेल्याला मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं आहे.

आणखी एक. आपल्या मराठी शाळा दर रविवारी भरतात, भाड्याच्या हॉलमध्ये, पालकांच्या हौसेवर. जॉन ला रोझ यांच्या बैठकीच्या खोलीपेक्षा ती जागा मोठी आहे. तिथे एका कोपऱ्यात एक टेबल अशा मुलांसाठी मांडता येईल, आणि भारतातून आलेले निवृत्त आजी-आजोबा दोन्ही बाजूंना बसतील. आमच्या शाळेत मार्चपासून ते टेबल सुरू झालं. चार मुलं येतात. त्यांतल्या दोघांच्या आईवडिलांनी आधी विचारलं होतं, “बाकीच्यांना कळणार नाही ना?” हा प्रश्न ऐकला की ‘ढ’ अजून बदललेला नाही हे पटतं.

अण्णा मे महिन्यात परत गेले. जूनमध्ये लेकीची पाढ्यांची परीक्षा झाली. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतल्या चौथीच्या मुलांना ती द्यावी लागते. 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. तिला 17 मिळाले. त्या परीक्षेला पास-नापास नसतं, त्यामुळे निकाल काय लागला हे कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. वजाबाकी मात्र आता चुकत नाही.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो ठाण्याला लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखाली सहा मुलं आहेत. अण्णांनी जे म्हटलं होतं, तेही सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला तेव्हा वाटायचं, मीच तसा आहे.” नंतर म्हणाला की कामावरच्या नव्या पोराला वायरिंगचा नकाशा वाचता येत नाही, आणि तो त्याला दोन आठवडे ओरडतोय. “उद्या विचारतो त्याला, काय काय येतं ते.”